आईची बादली

काल मुलाने बिघडलेल्या रेडिओला डाख दिला. तो जळका, गोडसर धूर नाकात गेला आणि प्लेन मान्येन गावातल्या आमच्या जुन्या घरातली एक संध्याकाळ आठवली.

मी तेव्हा कारखान्यात नवा लागलो होतो. शिकायला कॉम्प्युटर, आमच्या बेटावरच्या फ्रेंच बोलीत ऑर्दिनातेर, हवा होता, पण दुकानातला परवडेना. म्हणून रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मामाने सुटे भाग मागवून तो घरीच डाख देत जोडला. त्या भागांसाठी आमची गाय विकली. सूयाक गावचा माणूस त्या दिवशी सकाळीच तिला घेऊन गेला होता.

पडदा उजळला तशी आईने मशीनला कुंकू लावलं, कापूर ओवाळला.

“बाबू, तुझं हे ऑर्दिनातेर खातं काय रे?”

“वीज, आई.”

“बरं झालं. आता गवताला जायला नको,” ती हसत म्हणाली.

मी बटणं दाबण्यात गुंग होतो. दिवेलागणीला ती बादली घेऊन मागच्या दाराने गेली. बऱ्याच वेळाने पुढच्या दाराने आली, तेव्हा बादलीत पाणी होतं.

“पाण्याला गेले होते,” कोणी न विचारताच ती म्हणाली.

मला ते खरंच वाटलं. आता आई नाही. आमचा नळ पुढच्या अंगणात होता. मागच्या दारी फक्त गोठा होता.