पलंगाखालचा समुद्र

माहेरी गेले की बहिणी विचारतात, "सिल्वासाला करतेस काय गं दिवसभर?" मी म्हणते, "काही नाही." मग एक किस्सा सांगते. तो संपायच्या आत दुसरा आठवतो आणि चहा गार होतो. लग्नाला अजून वर्ष नाही, पण किस्से एवढे साठलेत की तेही आता पलंगाखाली सरकवावे लागणार!

पलंगाखाली जागा मात्र नाही. तिथे ह्यांचे अमोनाइट आहेत. म्हणजे फार फार पूर्वी समुद्रात राहणारा, चकलीसारख्या वेटोळ्या शंखातला एक प्राणी. वंश बुडाला, शंखांचे दगड झाले. आमच्याकडे नुसता काळा कातळ आणि कारखाने, म्हणून हे दगड आणायला थेट कच्छला जावं लागतं. जाणारे तिघे, एकाच यार्न फॅक्टरीतले : मेंटेनन्सला हे, लॅबमध्ये पुण्याचे जोगळेकर आणि शिफ्ट सुपरवायझर धुळ्याचे बोरसेभाऊ.

सासूबाई नाशिकला असतात. सिल्वासातल्या डोकमर्डी भागात आमच्या दोन खोल्या लावून देताना त्यांनी पलंगाखाली वाकून पाहिलं आणि सांगून ठेवलं, "तुळशीच्या लग्नाला येईन. तेव्हा हे इथे दिसले, तर पोत्यात भरून दमणगंगेत!"

सासूबाई बोलतात तसं करतात. हे त्या दिवशी धड जेवले नाहीत.

* * *

तसं मला आधी कळायला हवं होतं. बघण्याच्या कार्यक्रमात बाबांनी ह्यांना विचारलं, "छंद वगैरे?"

"दगड जमवतो."

बाबा सावरून बसले. "रत्नं?"

"नाही, साधेच. मेलेले."

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "मुलगा प्रामाणिक आहे. हिरे म्हणाला असता तरी आपल्याला काय कळणार होतं!"

* * *

आमच्या फॅक्टरीच्या भिंतीला लागून बर्फाचा कारखाना आहे. बर्फ करायला तिथे अमोनिया गॅस वापरतात. हे लक्षात ठेवा.

एकदा कच्छहून एका ओळखीच्या माणसाने पार्सल पाठवलं. बोरसेभाऊ ते सोडवायला वापी स्टेशनला गेले. उघडून बघतात तर आतला दगड दुभंगलेला! त्यांनी एसटीडी बूथवरून फॅक्टरीत फोन लावला. गेटवरच्या चौकीदाराने उचलला.

"साहेबांना सांग, अमोनाइट फुटलाय! लवकर या!"

चौकीदार बिहारचा, नवा. तो ओरडत सुटला, "अमोनिया फूटा है! जल्दी भागो!"

सायरन वाजला. सगळी शिफ्ट नाकाला ओले रुमाल लावून मैदानात. बर्फवालेही धावत आले, आणि आपलंच काहीतरी फुटलं असणार म्हणून माफी मागायला लागले! थोड्या वेळाने बोरसेभाऊ स्कूटरवरून पोचले, पिशवीत दगडाचे दोन तुकडे.

"काय व्हयनं रे भो?"

सगळा उलगडा झाला. फक्त जोगळेकर रुमाल सोडेनात. केमिस्ट माणूस, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "ते काही असो," म्हणाले, "मला वास येतोय!"

* * *

ह्याच जोगळेकरांनी एक अमोनाइट साफ करायला ॲसिडमध्ये टाकला आणि कँटीनला गेले. जेवण करून आले तर बीकरमध्ये नुसतं गढूळ पाणी.

बोरसेभाऊंनी बीकर उजेडात धरला. "साफ व्हई गया ना, भो!"

* * *

पुण्याच्या एका प्रोफेसरांना दाखवायला आम्ही दोघं थोडे दगड घेऊन निघालो. गुजरातेत दारूबंदी, आमच्याकडे नाही, त्यामुळे हद्दीवरच्या नाक्यावर प्रत्येक बॅगेत पोलिसांना बाटली दिसते. ह्यांची बॅग त्यांना दोन हातांनीही उचलेना.

"केटली बाटली छे?"

"दगड आहेत."

उघडली. बनियनमध्ये गुंडाळलेले दगड. एका पोलिसाने एकेक हलवून बघितला. मग आत हाक मारली, "साहेब, आ माणस सिल्वासाथी पथरा लई जाय छे!"

साहेब बाहेर आले. ह्यांनी त्यांना समुद्राबद्दल सांगायला सुरुवात केली. अगदी पहिल्यापासून. साहेबांनी बराच वेळ ऐकलं आणि हळूच माझ्याकडे वळले, "बेन, भाईए पीधेलो छे?"

"नाही हो," मी म्हटलं, "हे शुद्धीत असेच असतात."

प्रोफेसरांनी मात्र सगळे दगड बघितले आणि म्हणाले, "छान आहेत, पण सगळे फुटके. अख्खा मिळाला तर मी स्वतः सिल्वासाला येईन." परतीच्या गाडीत हे "अख्खा" एवढा एकच शब्द बोलत होते.

* * *

त्यामुळे माझ्या बहिणी लग्नानंतर महाबळेश्वरला गेल्या आणि मी कच्छच्या एका कोरड्या ओढ्यात. सोबत जोगळेकर आणि बोरसेभाऊ!

चौघंही माना खाली घालून चाललो होतो. एका म्हाताऱ्या मेंढपाळाने विचारलं, "शुं खोवायुं, भाई?"

कोट्यवधी वर्षांची कथा कोण सांगणार? बोरसेभाऊ म्हणाले, "वहिनीनी वींटी." म्हणजे माझी अंगठी!

झालं. म्हाताऱ्याने हाका घातल्या. त्याची मुलं आली, सुना आल्या, पाणी भरायला निघालेल्या बायका हंडे ठेवून वाकल्या. नवी नवरी, तिची अंगठी हरवलेली! एकजण मला जवळ घेऊन समजावायला लागली. माझा हात पदराखाली, घट्ट मूठ. अंगठी बोटातच होती.

उन्हं कलली तेव्हा म्हातारा आला, चेहरा पडलेला. "वींटी ना मळी, बेन. आ पथरो मळ्यो, जोईए तो लई जाव."

पुरणपोळीएवढा. सोनेरी. आणि अख्खा!

मी दोन्ही हात पुढे केले. बोटात अंगठी चमकली.

"मळी गई!" म्हातारा ओरडला.

"मिळाला!" हे ओरडले.

ओढ्यात एकच जल्लोष झाला. त्यांनी आम्हाला गूळ वाटला. म्हाताऱ्याने ह्यांना मिठी मारली आणि ह्यांनी त्याला. दोघंही रडत होते.

* * *

कार्तिकात सासूबाई आल्या त्या रिकामं पोतं घेऊनच. ह्यांनी घाईघाईने प्रोफेसरांना फोन केला, "अख्खा मिळालाय, आजच निघा!" एवढा मोठा माणूस येऊन दोन शब्द चांगले बोलला, तर दगड वाचतील ही आशा. इकडे पलंगाखालचं सगळं मीच पोत्यात भरलं. सासूबाईंच्या देखत सुतळीने तोंडही बांधलं.

अख्खा तेवढा माझ्या शालूत लपवला होता. सासूबाईंनी तुळशीच्या लग्नाला नेसायला माझ्यासाठी नेमका तोच शालू काढला. दगड हातात आला. त्यांनी तो फिरवून पाहिला आणि एकदम कपाळाला लावला.

"अगं, हा तर शाळिग्राम! चक्र बघ केवढं स्पष्ट!"

"आई," हे म्हणाले, "शाळिग्राम काळा असतो."

"हा गोरा आहे."

"समुद्रातला प्राणी आहे गं तो."

"मग मत्स्यावतार काय विहिरीत झाला होता?"

संध्याकाळी अमोनाइटला मुंडावळ्या बांधल्या. बोरसेभाऊंनी अंतरपाट धरला, जोगळेकरांनी मंगलाष्टकं म्हटली. तुळशीचं लग्न थाटात लागलं. पोतं मात्र दाराशी बांधलेलंच.

फराळ चालू असताना प्रोफेसर पोचले. सासूबाईंनी त्यांना हातपाय धुवायला लावले, तेव्हा कुठे दगड हातात दिला. मुंडावळ्या जरा बाजूला करून ते भिंगातून बराच वेळ बघत राहिले.

"अप्रतिम!" ते म्हणाले. ह्यांनी आईकडे पाहिलं. "आणि एवढा मोठा, म्हणजे बहुधा मादी. यांच्यात नर अगदी लहान असतो."

जोगळेकरांचा चिवडा तोंडाशीच थांबला. बोरसेभाऊ पुटपुटले, "व्हई गया!" ह्यांची नजर पोत्याकडे गेली.

सासूबाईंनी तुळशीकडे पाहिलं. मग मुंडावळ्यांकडे. मग मांडवात भलतंच बोलणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसं प्रोफेसरांकडे.

"अक्षता पडल्यात. आता मुलात खोट काढायची नाही!"

आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू काय बघत बसलीस? सोड आधी ते पोतं. मुलाकडची माणसं आहेत ती, अशी बांधून ठेवतात का?"