बिनफोडणीचा हिवाळा

आमच्या बदलापूरच्या खरवईला नव्या बिल्डिंगी आल्या, पाठोपाठ व्यायामशाळा आल्या. तिथली पोरं मला विचारतात, "काका, चरबी नको, प्रोटीन पाहिजे, तर खायचं काय?" मी फौजेतून नायक म्हणून रिटायर झालो आणि पोट अजून आत आहे, म्हणून विचारतात. उत्तर मला तोंडपाठ आहे. पण ज्या हिवाळ्यात ते शिकलो, तो आठवला की आधी मळमळतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमची पलटण उत्तरेत होती. पोस्टवरच्या पाण्यातून कावीळ पसरली. सेक्शनमधले दोघे जास्त आजारी पडलो, मी आणि लान्स नायक बाळाराम. मी बदलापूर गावचा, तो अंबरनाथचा, शिवमंदिराच्या बाजूचा. दोघेही आगरी. मिलिटरी हॉस्पिटलमधले दिवस मला वासावरून आठवतात. सकाळी पावडरीचं कोमट दूध, साय काढलेलं. दुपारी उकडलेले सोयाबीनचे गोळे, चावले की भिजलेलं गोणपाट. रात्री अंड्याचं थंड पांढरं. समोरच्या खाटेवरचा बाळाराम ताट आलं की भिंतीकडे तोंड करायचा. आरशात स्वतःचे पिवळे डोळे बघून मला माझीच किळस यायची.

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर मेजरसाहेबांनी दोघांना उभं केलं.

"सिक लीव्हवर जा. तेल, तूप, तळलेलं बंद. डाळी, मासे, अंड्याचं पांढरं, कातडी काढलेली कोंबडी. वजन भरलं नाही तर मेडिकल बोर्ड लो कॅटेगरी देईल, मग पोस्ट बंद."

"आणि नंतर, सर?" बाळारामने विचारलं.

"नंतर कदाचित कायमचं घरी. बोर्ड आउट."

गाडीत तो एकच वाक्य बोलला. "उस्ताद, वर्दी गेली तर मी गावात तोंड नाय दाखवनार."

घरी पोचून मला थोडी ताकद आल्यावर मी त्याला बघायला अंबरनाथला गेलो. तो आणखी वाळला होता. मी असतानाच जेवायला बसला. भाताचा ढीग फोडला आणि आतून पिवळं तूप वाहिलं. दोन घास गेले आणि तो परसात धावला. ओकारीचा आवाज आणि भातावर थिजत चाललेलं तूप, दोन्ही एकदम अंगावर आलं.

"आये, हे कोणी घातलं?" मी त्याच्या आईला विचारलं.

"मीच घातला. बिनफोडनीचा जेवान सुतकात करतान. माजा पोर जिता हाय. त्याचे पुढं सुतकाचा ताट ठेवू?"

"हे तूप त्याला परत हॉस्पिटलात नेईल. बोर्ड जवळ आलाय."

"मंग तो तुमचा पान्यासारखा डाल खाईल का? वास आला तरी तोंड फिरवतंय."

मला राग आला होता, पण तिचं खोटं नव्हतं. तसलं जेवण मलाही जात नव्हतं. परतताना एकच विचार डोक्यात होता. आपल्यात असं काय आहे, ज्याला फोडणी नाही आणि तरी कुणी सुतकाचं म्हणणार नाही? वालाच्या शेंगा भरलेलं शेत दिसलं आणि उत्तर मिळालं. पोपटी! शेतात मडक्यात भाजतात ती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाळाराम आणि आये, दोघांना खरवईच्या शेतात आणलं. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घातला. त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, आलं-लसूण-मिरची चोळलेले कोंबडीचे बिनकातडीचे तुकडे, ओवा, जाडं मीठ. तेलाचा थेंब नाही, पाण्याचाही नाही. तोंडाशी पाला कोंबून मडकं उपडं केलं आणि भोवती पेंढा पेटवला. मडकं फोडलं तेव्हा जो वास सुटला, त्याने बाळारामची मान वळली. या वेळी ताटाकडे. तो खात गेला. अंड्याचं पिवळं तेवढं मी काढून घेतलं. उलटी झाली नाही.

"यात फोडनी कुठं हाय, आये?" तो म्हणाला.

आये हसली आणि तिथून तिने सूत्रं हातात घेतली. सुका जवळा तव्यावर कोरडा भाजून कांदा, मिरची, कोकम. नदीचे मासे मसाला लावून केळीच्या पानात. मोड आलेले वाल ठेचलेल्या लसणात शिजवलेले. साय काढलेल्या दह्याचं ताक, त्यात भाजलेलं जिरं. सोयाबीन दोनदा पिळून, ठेचा चोळून निखाऱ्यावर, तेव्हा कुठे ते गोणपाट माणसात आलं. पोरांना मी आज हेच सांगतो. बाळारामचे गाल भरले, पट्टा एकेक भोक सैल झाला.

बोर्डासमोर माझं आटोपलं होतं. आत बाळाराम होता, मी दाराशी उभा होतो.

"वजन?"

"भरलं, सर."

"ब्लड रिपोर्ट?"

"क्लिअर, सर."

"शेप-वन. नेक्स्ट."

त्याने सॅल्यूट असा ठोकला की मेजरसाहेबही हसले.

बर्फ वितळायच्या आत आम्ही पोस्टवर होतो. पुढच्या गस्तीला त्याने स्वतः नाव दिलं. मी रेडिओ सेटवर होतो. दुपारी सेट खरखरला.

"फायर आलंय. एक मॅन डाउन. ओव्हर."

"नाव सांग. ओव्हर."

"बाळाराम. संपला. ओव्हर."

मी "रॉजर" म्हणालो. तेच म्हणायचं असतं.

रजा मिळाल्यावर अंबरनाथला गेलो. त्याच दिवशी शोकसभा होती. भाषणं झाली, मग वडे आले. कागदातून तेल गळत होतं. बाळारामच्या फोटोखाली माणसं बोटं चाटत होती आणि चटणी मागत होती. मी उठलो आणि गटाराशी जाऊन ओकलो.

आये घराच्या ओट्यावर एकटी होती. मी शेजारी बसलो.

"तू व्हतास ना थय? तब्येत कशी व्हती त्याची?"

"चांगली होती, आये. शेप-वन."

"म्हंजे काय?"

"पूर्ण बरा. लढाईला पाठवण्यासारखा."

तिने माझा हात हातात घेतला.

"मंग पोरा," ती म्हणाली, "त्याला आपनच बरा केला रं."