बाबांच्या नावाचा बॅकअप

बाबांनी लष्कर भागातल्या एका कॉलेजचे कॉम्प्युटर वर्षानुवर्षं सांभाळले. निवृत्त झाल्यावर दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरचा एकच कॉम्प्युटर उरला, तर त्याचाही बॅकअप, म्हणजे फोटो-कागदपत्रांची जादा प्रत, रोज सकाळी स्वतः हुकूम टाइप करून काढायचे. ती निघाल्याशिवाय चहा नाही. मी करते म्हटलं तर ऐकवायचे, "जिसका काम उसी को साजे." मी याच कामावर पोट भरते, पण घरात माझी डाळ शिजत नसे.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा हरवायचा, मग घराकडची गल्ली सापडेना. मला तर ते "मॅडम" म्हणू लागले. हुकूम अर्धा टाइप करून थांबायचे. बोटं तशीच कीबोर्डवर आणि चहा गार. बघवायचं नाही. म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली, ते उठायच्या आत बॅकअप आपोआप काढणारी. बाबांनी नुसती बॅकअपमधल्या फाइलींची यादी बघावी आणि आपणच केलंय असं समजून चहा प्यावा, एवढाच बेत.

पहिल्याच सकाळी तो फसला. यादीत प्रत्येक फाइलपुढे मालकाचं नाव असतं. ज्याच्या खात्यातून हुकूम चालतो, त्याचं. माझी स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य खात्यातून चालली होती. बाबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "मॅडम, हे रूटने केलंय. मैंने नहीं किया." आणि कप बाजूला सरकवला. पोटच्या मुलीला विसरले, पण तो नावाचा रकाना नाही विसरले. मला राग आला, खरंच आला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मी रडले.

दुरुस्ती एका ओळीची होती. पुढचा हुकूम बाबांच्या खात्यातून चालव, एवढंच स्क्रिप्टला सांगायचं. पण लिहिताना वाटलं, दुसऱ्याची सही ठोकण्यातलाच प्रकार की हा. आईला म्हटलं, तर ती मेथी निवडता निवडता म्हणाली, "सत्यनारायणाला मी काय करते? यांच्या हाताला नुसता हात लावते. तरी पूजा दोघांची होते ना? तू पण लाव हात."

लावला. दुसऱ्या दिवशी बाबांनी रकाना वरून खाली वाचला, "ठीक है" म्हणाले आणि चहा संपवला. सगळा हिवाळा असा बरा गेला. नोकरीतलं एकही काम मी इतक्या जिवापाड सांभाळलेलं नाही.

होळीनंतर एका सकाळी ते नेहमीसारखे यादीसमोर बसले. बोट नावावर आलं आणि तिथंच थांबलं. स्वतःचं नाव त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं.

"मॅडम, हा कोण?"

"इथलं काम बघतात," मी म्हटलं.

"रोज येतो?"

"रोज."

बाबा यादी पुन्हा वरपासून बघत राहिले. "एक दिवस नागा नाही केला बिचाऱ्याने," ते म्हणाले. "आता सोडा त्याला. बहुत हो गया. घरी कोणी वाट बघत असेल."

"हो," मी म्हटलं. "मुलगी बघतेय."