बहाण्यांची भिंत

सन चोपन्नच्या सुमारास धानोऱ्याकडच्या एका जंगलगावात ख्रिस्ती लोकांचं मातीचं देऊळ होतं, आणि त्याच्या पडवीतल्या भिंतीचं सगळ्या पंचक्रोशीला भारी नवल. इतरांच्या देवळात भिंतीवर देवाचे शब्द असतात. इथं कोळशानं चक्क बहाणे लिहिलेले! ‘बैल हरपला होता.’ ‘मोहफुलं वेचायची होती.’ ‘वाटेत अस्वल होतं.’ बाजाराला निघालेले गोंड शेजारीसुद्धा थांबायचे, कुणाकडून तरी वाचून घ्यायचे आणि पोट धरून हसायचे.

ही सगळी करणी गुणाबाईची. दर रविवारी देवळात भरणाऱ्या शब्बाथशाळेत ती तेरा ते सतरा वर्षांच्या पोरापोरींना शिकवायची. दर नाताळाला ही मंडळी देवाला मोठमोठी वचनं द्यायची आणि मोह गळायच्या आत साफ विसरायची. जिभेला काय, हाड थोडंच असतं! शेवटी गुणाबाईनं शक्कल काढली. वचन देवाला सांगायचं. ते मोडशील तेव्हा कोणता बहाणा देशील, तो मात्र आधीच भिंतीवर लिहायचा. वचन पाळलं की ज्याच्यासाठी पाळलं त्यानं येऊन त्यावर पांढऱ्या छुई मातीचा हात फिरवायचा. आपलं आपण पुसायचं नाही. तिच्या वर्गातल्या पोचूनं म्हाताऱ्या बुधरीचं पाणी वर्षभर भरलं, तेव्हा बुधरी काठी टेकत आली आणि तिनं त्याचं अस्वल पुसून टाकलं.

एका रविवारी रंभानं विचारलं, “बाई, तुमचा बहाना कोनता?”

ही रंभा चौदा वर्षांची, आणि तिच्या पोटात प्रश्न काही राहत नसे. गुणाबाईला हसण्यावारी नेता आलं असतं, पण सगळी पोरं टक लावून बसली होती. तिनं कोळसा उचलला आणि लिहिलं, ‘ती पाणीसुद्धा विचारणार नाही.’

“ती म्हंजे कोन?”

“माही अक्का. धुरपता.”

आई गेल्यावर धुरपतानंच गुणाला वाढवलं होतं. गुणानं बाप्तिस्मा घेतला तो तिला न सांगता, आणि त्या दिवसापासून बोलणं तुटलं. आपण आधी जाऊन बोलू, असं वचन गुणानं त्याच दिवशी देवाला दिलं होतं. अक्काचं गाव चार कोसांवर, आणि मध्ये बारा वर्षं गेली होती.

दुसऱ्याच दिवशी ती निघाली. रंभा मागे लागलीच. धुरपता अंगणात धान कांडत होती.

“अक्का, मी आली.”

मुसळ थांबलं नाही. गुणाबाई उंबऱ्याबाहेर बसली. ऊन कलल्यावर म्हणाली, “तुले न सांगता गेली, ते चुकलं माह्यं. माह्या देवाले सोडनार नाई मी. पन तुलेई सोडनार नाई.”

धुरपता सूप उचलून घरात गेली, वळूनही न बघता. पाणी तर दूरच.

परतताना रंभा म्हणाली, “बहाना तर खराच निघाला, बाई.”

“हो ना. म्हनून वचन खोटं होते का?” गुणाबाई म्हणाली, आणि भर रस्त्यात ढसाढसा रडली.

देवळाशी पोचल्यावर रंभानं छुई कालवली. “तुमी तर वचन पाळलं. पुसू का?”

“नाई. जिचं आहे तिनं.”

पावसाळा गेला, धान कापून झालं. बाकीची भिंत हळूहळू पांढरी होत गेली. ती एक ओळ तेवढी काळीच राहिली. गुणाबाई शिकवायला बसताना तिच्याकडे पाठ करून बसू लागली.

नव्या पिकासाठी देवाचे आभार मानायच्या, उपकारस्तुतीच्या दिवशी, लोक नव्या धानाच्या टोपल्या घेऊन आत जात असताना, धुळीनं माखलेल्या पायांची एक बाई भिंतीपुढं उभी राहिली. या भिंतीची गंमत बाजारातून तिच्या गावापर्यंत कधीच पोचली होती.

“पोरी, यात माह्या नावाचं कोनतं?” तिनं रंभाला विचारलं.

रंभानं बोट ठेवून ओळ वाचून दाखवली. बाईनं ती पुन्हा वाचायला लावली. मग छुईच्या मडक्यात हात बुडवला आणि ओळीवरून दोनदा, चांगला दाबून फिरवला.

गुणाबाई दारातच उभी होती.

धुरपतानं हात पदराला पुसला. “चार कोस चालत आली मी, गुणा,” ती म्हणाली. “आता तूई पानी विचारत नाईस का?”