काकूंना ऐकू न येणारी बेस

चार माणसं दर रविवारी एका खोलीत जमून गाणं-बजावणं करायला लागली की गाणी थोडी होतात आणि किस्से फार. आमच्या बँडला अकरा वर्षं झाली. धड वाजवता येतील अशी गाणी फार तर चाळीस असतील. किस्से मात्र विचारू नका! आमची बायको म्हणते, "तुम्ही प्रॅक्टिसला जाता की गप्पा हाणायला?" आता हिला काय सांगायचं? गप्पा हाणता हाणता प्रॅक्टिस होते, हे काय कमी आहे का?

आधी मंडळी सांगून टाकतो. मी मिलिंद, गिटार वाजवतो, नोकरी केमिकल कंपनीत, राहतो सुभानपुऱ्याला. प्राची गाते. ती शाळेत शिकवते आणि आमच्याशीही सातवी 'ब'शी बोलावं तसंच बोलते. हेमंतभाई ऑक्टोपॅडवर, म्हणजे काठ्यांनी बडवायच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर. गाव गुजरातमधलं, पण आमच्यातले एकटेच गुजराती हे; मराठी सगळं समजतं आणि चिडले की बोलताही येतं. आणि बेस गिटारवर, म्हणजे जाड तारांच्या, खर्जातल्या गिटारवर, अरुणकाका. जन्म गेला प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून, आता रिटायर.

प्रॅक्टिस मांजलपूरला, अरुणकाकांच्याच हॉलमध्ये. काकू स्वयंपाकघरात. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. चहा घेऊन आल्या की म्हणणार, "प्राचीचं गाणं ऐकू येतं, मिलिंदची किणकिण ऐकू येते, हेमंतभाईंचं धडामधुडूम तर नाक्यापर्यंत जातं. यांचं काय वाजतं ते देव जाणे! मला बाई इतक्या वर्षांत कधी ऐकू आलं नाही. मांडणीवरची भांडी तेवढी थरथरतात."

काका हसायचे. बेस वाजवणाऱ्याला हे ऐकायची सवय असते.

*

काकांची बेस म्हणजे बँडच्याही आधीची, कुठल्याशा ऑर्केस्ट्राने टाकून दिलेली. मान वाकलेली, वजन सिलिंडरएवढं. रिटायर झाल्यावर काका म्हणाले, "आता एक स्वतःची, नवी, मनासारखी बेस घ्यायची. एवढी एकच हौस राहिलीय."

झालं! त्या दिवसापासून प्रॅक्टिस बंद आणि चर्चासत्र सुरू. मी म्हटलं, लाकूड बघून घ्या काका, सगळा आवाज लाकडात असतो. प्राची म्हणाली, रंग बघून घ्या, स्टेजवर फोटोत तोच दिसतो. हेमंतभाईंनी मोबाइलवर पाच तारांची बेस शोधून काढली आणि म्हणाले, "चारना भावमां पांच मळे छे, तो लई लो ने!"

"अहो, पण मला चारच वाजवता येतात."

"तो शुं थयुं? एक स्पेअर!"

यावर काकांनी हेमंतभाईंना खरंच अर्धा तास समजावलं. हेमंतभाई शेवटपर्यंत पाचावरून खाली उतरले नाहीत.

*

मग एका शनिवारी मी आणि काका दांडिया बाजारकडच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने तीन बेस काढून ठेवल्या. काकांनी पहिली मांडीवर घेतली, तार छेडली, आणि पुढे वाकून गिटारच्या वरच्या शिंगासारख्या टोकावर हनुवटी टेकवली. डोळे मिटले. पुन्हा तार छेडली. मग जबडा नीट दाबून बसवला.

दुकानदार घाबरला, काका गिटार चाखून बघताहेत की काय! "काका, चाखवानी नथी, वगाडवानी छे!"

काका शांतपणे म्हणाले, "वर्कशॉपमध्ये आम्ही बेअरिंग असंच तपासायचो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशिनीवर, मूठ कानामागच्या हाडाला. हाड खोटं बोलत नाही."

मला हसू आवरेना. घरी येऊन सगळ्यांना नक्कल करून दाखवली. दुकानातून निघताना मात्र एक गोष्ट झाली होती, ती मी कोणाला सांगितली नाही. काका रस्ता ओलांडत होते आणि मागून रिक्षा हॉर्नवर हॉर्न मारत होती. काकांनी मान वळवली नाही. मी हात धरून ओढलं तेव्हा म्हणाले, "काय झालं रे?"

काका हनुवटी का टेकवत होते ते तेव्हा कळलं.

*

काकूंना ते आधीच माहीत होतं. टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, बेल दोनदा वाजवावी लागत होती. काका कबूल करायला तयार नव्हते. "तूच हल्ली हळू बोलतेस," असं काकूंनाच म्हणायचे! शेवटी काकूंनी मला हाताशी धरलं आणि आम्ही दोघांनी त्यांना कानाच्या तपासणीला नेलं.

काचेची छोटी खोली, डोक्याला हेडफोन, हातात बटण. 'टूं' ऐकू आलं की दाबायचं. बाहेर एक मुलगी मशीन चालवत होती. काका डोळे मिटून बसले. टूं, बटण. टूं, बटण. एक चुकलं नाही. ती मुलगी काकूंना म्हणाली, "अंकलचे कान तर एकदम फर्स्ट क्लास आहेत!"

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मीही चाट पडलो.

तेवढ्यात त्या मुलीला फोन आला. तिने मशीन थांबवलं आणि बोलत उभी राहिली. आणि आत काका डोळे मिटून बटण दाबताहेत! ठरावीक अंतराने, न चुकता, एकामागून एक.

बाहेर काढून विचारलं तर म्हणाले, "पोरीची लय पक्की आहे. पहिले दोन ऐकू आले, पुढचे मोजून घेतले."

"अंकल, ही टेस्ट आहे, प्रोग्राम नाही!" ती ओरडली. मग तिने मुद्दाम लय मोडून पुन्हा तपासणी केली. वरच्या पट्टीचे बारीक आवाज जवळजवळ गेले होते. खालच्या पट्टीचे निम्मे शिल्लक होते.

परत येताना काका एवढंच बोलले. "खालचे निम्मे आहेत ना? बेसला तेवढे लागतात."

*

कानाला मशीन आलं. पहिल्या रविवारी काका बेस न वाजवता नुसते ऐकत बसले. गाणं संपल्यावर त्यांचे डोळे भरून आले. "प्राची, किती गोड गातेस गं तू! पुष्कळ दिवसांनी नीट ऐकलं."

प्राची लाजली. शाळेत कुणी इतकं चांगलं बोलत नाही तिच्याशी.

मग काका माझ्याकडे वळले. पाठीवर थोपटून म्हणाले, "मिलिंद, तू सोडू नकोस हं. येईल हळूहळू."

हेमंतभाई त्या दिवशी इतके हसले की ऑक्टोपॅडच्या स्टँडसकट कलंडले.

पण गंमत तिथेच संपली. मशीन लावून स्वतःची बेस वाजवली तर काकांना ती पत्र्यासारखी ऐकू यायला लागली. मशीन काढलं तर अर्धीच. नवी बेस घ्यायची गोष्ट काकांनी बोलायचीच सोडली. काकूंनी तर सरळ म्हटलं, "ज्याचं त्यालाच ऐकू येत नाही ते वाजवायचं कशाला? चारचौघांत शोभा नको. माणसं हसली तर मला नाही सहन होणार."

काकूंचा राग नव्हता तो. त्यांना भीती वाटत होती.

*

आता मात्र मी पेटलो. दुकानदाराला गळ घालून दोन नव्या बेस एका रविवारपुरत्या काकांच्या घरी आणल्या. ठरलं असं, की आम्ही तिघांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं, काकांनी जुनी आणि दोन नव्या अशा तिन्ही बेस एकामागून एक वाजवायच्या आणि आम्ही न बघता निवडायची. काकांचे कान नसले तर नसले, आमचे आहेत की!

पहिली वाजली. मी म्हटलं, "ही जुनी. मेलेला आवाज."

दुसरी वाजली. प्राची म्हणाली, "अय्या, ही किती मोकळी!"

तिसरी वाजली आणि मी उठून उभाच राहिलो. "काका, हीच! ह्याला म्हणतात लाकूड! काय भरीव आवाज आहे!" हेमंतभाईंनीही मान डोलावली. "पांच तारवाळी लागे छे." त्यांच्या मते ती पाच तारांचीच होती.

वळून बघतो तर काकांच्या मांडीवर जुनीच. नव्या दोन्ही पिशवीत, चेनसुद्धा उघडलेली नाही!

"तिन्ही वेळा हीच वाजवली," काका म्हणाले. "बघत होतो, तुमच्या कानांवर किती विसंबायचं ते."

आम्ही तिघंही पुढची दहा मिनिटं पोहे खात होतो. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

*

तरी त्यातूनच गाडी पुढे सरकली. काकांनी त्या दिवशी नव्या दोन्ही बेसना हनुवटी लावून पाहिली आणि त्यातली साधी, विटकरी रंगाची, चार तारांची निवडली. म्हणाले, "ही हाडात उतरते." लाकडावरचं माझं भाषण मी गिळलं.

हनुवटी टेकवून अख्खा प्रोग्राम वाजवता येत नाही, मान अवघडते. म्हणून काकांनी युक्ती काढली. बेस आणि ऑक्टोपॅड ज्यातून वाजतात तो आमचा जुना लाकडी स्पीकर आडवा पाडायचा, त्यावर घरातला जेवणाचा पाट ठेवायचा आणि अनवाणी त्यावर उभं राहून वाजवायचं. पायांतून सगळं कळतं म्हणे.

काकू पाट बघून कडाडल्या. "पाटावर बसतात, उभं राहत नाहीत! माझ्या सासूबाईंचा पाट आहे तो."

"बरं, बसून वाजवतो."

"बसा मग," काकू म्हणाल्या आणि पाट पुसून दिला. दोन रविवार काका पाटावर मांडी घालून वाजवत होते, आणि काय वाजवत होते! मला तर उड्या माराव्याशा वाटत होत्या.

गणपतीतला सोसायटीचा प्रोग्राम आला. आदल्या रविवारी काकांनी आम्हाला समोर बसवलं.

"हे बघा, माझं चुकलं तर मला कळेलच असं नाही. तुम्ही तिघं माझे कान. काही बिघडलं तर लगेच खूण करायची. आणि नंतर खोटं बोलायचं नाही. मी हिला शब्द दिलाय. माझ्यामुळे गाण्याचा विचका झाला तर हा माझा शेवटचा प्रोग्राम, बेस दुकानात परत."

काकू दारात उभ्या होत्या. आम्ही तिघांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

*

तर तो प्रोग्राम. संध्याकाळची आरती झाली, प्रसाद वाटून झाला, मांडव भरला. काकू तिसऱ्या रांगेत, शेजारी पाटणकर वहिनी. काकूंचा चेहरा असा, की जणू त्यांचीच परीक्षा आहे. स्टेजवर काका पाटावर मांडी घालून, विटकरी बेस मांडीवर, मशीन खिशात.

पहिली चार गाणी अशी झाली की विचारू नका! लोक टाळ्यांचा ठेका धरायला लागले. पाचवं गाणं प्राचीचं हुकमी. ती डोळे मिटून गात होती, मी माझ्या सोलोची मनात जुळवाजुळव करत होतो, हेमंतभाई पब्लिककडे बघून हसत होते. काका मान हलवत, अगदी रंगात येऊन वाजवत होते. मध्येच त्यांनी अवघडलेली मांडी बदलली.

कडवं झालं. दुसरं सुरू झालं. आमचं सगळं झकास चाललं होतं.

आणि तिसऱ्या रांगेतून काकू उठून उभ्या राहिल्या. भर गाण्यात, अख्ख्या मांडवासमोर, पदर खोचून, दोन्ही हात हलवत!

"अहो! अहो, तुमची बंद पडलीय!"

काका मान हलवत वाजवतच होते. पाटाखालच्या त्याच स्पीकरमधून ऑक्टोपॅडचे दणके येत होते, त्यांना कुठून कळणार? प्राचीने डोळे उघडले. मी खाली बघितलं. बेसची वायर निघून काकांच्या गुडघ्याखाली पडली होती.

"अरे मिलिंद, बघतोस काय नुसता? लाव ना ती वायर!" काकू तिथूनच ओरडल्या.

मी धावत जाऊन वायर खुपसली. धम्म करून पहिला सूर आला, पाट हलला, काकांनी दचकून आधी माझ्याकडे आणि मग तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

काकू खाली बसल्या. पाटणकर वहिनींनी त्यांना विचारलं, "अहो, एवढ्या गोंगाटात तुम्हाला कसं कळलं?"

"शू!" काकू म्हणाल्या. "ऐकू द्या."