झोळीतलं कलिंगड

फळवाल्यावर माझा विश्वास कधी बसलाच नाही. वारज्यात कोपऱ्यावर कलिंगड घेताना मी दरवेळी म्हणतो, "कापून दाखवा." तो सुरीने त्रिकोणी खाप काढतो, लाल टोक माझ्या नाकासमोर धरतो, आणि तरीही मी विचारतो, "आत सगळीकडे असंच आहे ना?" बायको म्हणते, "मला दोनदा बघायला आला होतात, तेव्हाच ओळखायला हवं होतं."

ही सवय आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

सासूबाई गेल्यावर आम्ही सासऱ्यांना विदर्भातून आमच्याकडे आणलं. निवृत्त शिक्षक, बोलके गृहस्थ. पण आमच्या सातव्या मजल्यावर ते गप्प झाले. बंद टीव्हीसमोर बसून राहायचे. मग थंडी सरता सरता एक दिवस त्यांनी गच्चीवर अर्ध्या पिंपात माती भरली आणि बिया टोचल्या. त्यांच्या गावी नदीच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या असत. कलिंगडाला ते टरबूजच म्हणतात. "कलिंगड म्हटलं की चव जाते, जावईबापू." मात्र स्वतः त्यांनी कधी एक वेलही लावली नव्हती. हे त्यांनी मला एकट्यालाच सांगितलं, तेही इकडेतिकडे बघून.

वेल बांबूच्या ताटीवर चढली. रोज सकाळी ते नर फूल खुडून मादी फुलावर अलगद टेकवायचे. तीन फळं पिवळी पडून गळली, चौथं टिकलं. त्याचा भार वेलीला होऊ नये म्हणून त्यांनी बायकोच्या जुन्या ओढणीची झोळी बांधली. सासरे पुन्हा पोटभर जेवू लागले, लिफ्टमध्ये लोकांना थांबवून फळाची खुशाली सांगू लागले. तिसऱ्या मजल्यावरचे काका मुद्दाम वर येऊन बघून गेले. म्हणाले, "बारसं कधी करताय? पाळणा तर बांधलाच आहे."

सासऱ्यांनी ते मनावर घेतलं. रविवारी सकाळी गच्चीवर सगळ्या मजल्यांना आमंत्रण! फळ नारळाहून थोडंच मोठं, आणि खाणारी माणसं वीसेक.

शनिवारी दुपारी माझी सवय जागी झाली. पांढरं निघालं तर? काका काय काय बोलतील ते मला ऐकू येऊ लागलं. आणि सासरे पुन्हा त्या बंद टीव्हीसमोर. घरातले सगळे झोपलेले बघून मी भाजीची सुरी घेऊन वर गेलो, झोळी बाजूला केली आणि फळवाल्यासारखीच खालच्या अंगाला त्रिकोणी खाप काढली.

लाल! नुसतं लाल नाही, गोड. खरं सांगायचं तर टोक मी खाल्लं. उरलेलं बूच परत बसवलं, झोळी सारखी केली आणि खाली येऊन सुरी दोनदा धुतली. संध्याकाळभर मी इतक्या आपुलकीने वागत होतो की बायकोने विचारलं, "काय फोडलंत?"

रविवारी सगळे जमले. मी ताटं घेऊन वर पोहोचलो तेव्हा सासरे वेलीजवळ वाकून उभे होते. ताटीवरून मुंग्यांची शिस्तीत रांग चालली होती, थेट झोळीत. त्यांनी झोळी सोडली, फळ हातात फिरवलं, खालचा त्रिकोण बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. अंगठ्याने मुंग्या झटकून त्यांनी फळ पाटावर ठेवलं, त्रिकोण स्वतःच्या बाजूला.

"मुंग्या लागल्यात की काय?" काकांनी विचारलं.

"लागणारच. गोडाला आमंत्रण लागत नाही," सासरे म्हणाले आणि त्यांनी सुरी चालवली.

गच्चीवर एकच गलका झाला. बोटाएवढ्या फोडी वाटल्या गेल्या. काकांनी दोन खाल्ल्या आणि म्हणाले, "बरं आहे. आमच्यासारख्यांना चालेल." पुण्यात यापेक्षा मोठं कौतुक होत नाही. शेवटी सासऱ्यांनी एक फोड माझ्यापुढे धरली. तिच्या सालीला मधोमध त्रिकोणी भोक होतं. "हे तुमचं, जावईबापू. अर्धवट ठेवू नये."

लोक पांगल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. "चुकलो. तुमच्या आधी मी कापायला नको होतं. राहवलं नाही."

"कापलं त्याचं काही नाही," ते म्हणाले. "मीही परवा सुरी घेऊन आलो होतो. धीर झाला नाही."

मी हसलो, पण ते हसले नाहीत.

"पण लाल निघालं, तर मला काहून नाही सांगितलं? रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला माझा. आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत घोरत होता, बाप्पा!"

एवढं बोलून ते काकांच्या ताटातल्या बिया वेचू लागले. मीही खाली बसलो आणि वेचू लागलो.