बी टाकून गेलेले

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका आकाशाला घाबरणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात तर नाहीच, पण अख्ख्या पृथ्वीवर दुसरा सापडायचा नाही. मारेगावात त्यांचं बियाणांचं आणि औषधांचं दुकान. औषध म्हणजे आमच्याकडे पिकावर फवारायचं विषारी औषध. मे महिन्यात सगळं गाव गच्चीवर नाहीतर अंगणात खाटा टाकी, तेव्हा भाऊजी टिनाखालच्या खोलीत ओली चादर डोक्यावरून घेऊन उकडत पडलेले असत. ताई वैतागून म्हणे, "बाहेर चाला न जी, माहा जीव चालला आता." चादरीतून उत्तर येई, "तू जाय. मले वरून पाहून राह्यले ते."

'ते' म्हणजे परग्रहावरचे. भाऊजींचं ठाम मत असं की फार पूर्वी वरून कोणीतरी उतरलं, त्यांनी इथल्या माकडाशी आपल्या वाणाचा संकर केला आणि माणूस तयार करून निघून गेले. आपण ज्यांना देव म्हणतो ते हेच बियाणेवाले. "माणूस हायब्रीड आहे," ते मला बजावत, "गावरान असता त एवढे रोग पडले असते काय?" हेमाडपंती देवळात ते देवापेक्षा भिंतीला जास्त भीत, 'त्यांनी' चुन्याशिवाय रचलेल्या दगडांवर हात ठेवत आणि चटका बसल्यासारखा मागे घेत. पारावरच्या मारुतीच्या शेंदराखाली हेल्मेट आहे याची त्यांना इतकी खात्री होती की एकदा भरदुपारी नखानं शेंदूर खरवडताना सापडले. पुजाऱ्यानं दंडाला धरून खाली उतरवलं, तर उलट त्यालाच सांगू लागले, की बाबा, आत कोन आहे ते माहीत नसताना रोज घंटा वाजवत नोको जाऊ. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तोही म्हणे वरून पांढरा दिसावा म्हणूनच.

दुकानासमोरच्या टेलरकाकांना या सगळ्याची भारी गंमत वाटे. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर धम्म स्वीकारलेला. मशीन चालवता चालवता ते म्हणत, "आमच्या बापानं सारे देव सोडले, अन् तुम्ही आकाशातून नवे उतरवून राह्यले." भाऊजी गंभीर होत. "देव नाही, मालक. मालक कधीतरी पीक पाहाले येतेच. अन् बिघडलेलं दिसलं त वखर फिरवून सारं मोडते." हे बोलताना त्यांचा आवाज खरोखरच खाली जाई. मी तोंडावर हसत असे, पण घरी परतताना एसटीच्या खिडकीतून एकदा तरी वर पाहून घेई. त्यांची भीती अशी सर्दीसारखी लागायची.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. कधी बोंडं सडली, कधी भाव पडला, कधी पानं लाल होऊन गळाली. एका वर्षी तर भाऊजींनी विकलेली सरकी कित्येक शेतांत उगवलीच नाही. कंपनीचा माणूस फोन उचलेना. एक दिवस जवळच्या गावचा एक म्हातारा शेतकरी दुकानात आला. ओरडला नाही, भांडला नाही. "तुमी एकदा येऊन पाहा न," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. भाऊजींनी त्याच्यामागोमाग आतून शटर ओढलं. ताईनं हाका मारल्या, तर आतून उत्तर आलं, "मालक आला."

ताईनं मला यवतमाळला फोन केला. त्या वर्षांत आमच्याकडे कुणी दार लावून बसलं की घरच्यांच्या मनात एकच विचार येई, आणि भाऊजी तर औषधाच्या डब्यांमध्येच बसले होते. दुपारी मारेगावला उतरलो तेव्हा ताई शटरला कान लावून उभी होती. आत खोकला ऐकू आला की तिचा श्वास सुटे, खोकला थांबला की पुन्हा अडके. टेलरकाका मशीन सोडून तिथेच उभे होते. मी आयुष्यात इतका घाबरलेलो नाही.

"भाऊजी, मी आलो," मी म्हणालो.

मग आवाज आला, अगदी शटरपाशी. "मी खोटं सांगत होतो रे तुले. ते परत येनारच नाहीत. बी टाकलं अन् गेले. उगवलं का मेलं, कोनी पाह्यलं नाही. मी तरी कुठं पाह्यलं?"

टेलरकाकाच म्हणाले, "त भाऊ, तुम्ही जा न पाहाले. वावर काही आकाशात नाही."

शटर गुडघ्याइतकं वर झालं. भाऊजी त्याखालून रांगत बाहेर आले. अंगाला औषधाचा वास, डोळे सुजलेले. ताईनं त्यांना आधी घट्ट धरलं, मग पाठीत एक धपाटा घातला आणि मग रडली.

आम्ही त्याच दिवशी म्हाताऱ्याच्या शेतात गेलो. बांधापाशी भाऊजींनी माझं मनगट धरलं, ते सोडलंच नाही. पेरणीच्या ओळींना आमच्याकडे तास म्हणतात; तासच्या तास रिकामे होते. म्हातारा त्यांना एकेक तास दाखवत शिव्या देत होता, चांगल्या घसघशीत, भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. थकल्यावर त्यानं विचारलं, "पानी पेता काय?" दुसऱ्या सकाळी भाऊजींनी त्याला बियाण्याची दुसरी थैली नेऊन दिली. पीक उशिराचं, बेताचंच आलं. पण त्यानंतर, दुकान होतं तोवर, दर पेरणीनंतर ते मोपेडवरून गावोगाव फिरत, बांधावर उभं राहून बोलणी खात आणि पाणी पिऊन परत येत.

परवाच्या उन्हाळ्यात गेलो, तर त्यांची खाट गच्चीवर. मी थक्क झालो. "आता भीती नाही वाटत?" विचारलं.

"वाटते न. पन त्यायलेबी वाटत असन," ते वर बोट दाखवून म्हणाले. "आपन पेरलेलं पाहाले येनं सोपं नसते बाप्पा."

चादर अजूनही ते डोक्यावरून घेतात. फक्त एक डोळा बाहेर ठेवतात. वरून कोणी घाबरत घाबरत आलंच, तर त्याला पाणी विचारायला कोणीतरी जागं असावं म्हणून.